सामायिक संगणक व जाळे : नियम आणि त्यांची कारणे

आपल्या संगणक कक्षाच्या दारावर एक नियमपत्रक लावलेले आहे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थी त्याच्या प्रतीवर सही करतो, पालकही करतात आणि त्यानंतर ते पत्रक भिंतीवरील दिनदर्शिकेइतकेही कोणी वाचत नाही. यात सर्वस्वी विद्यार्थ्यांचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. 'अमुक करू नये', 'तमुक करण्यास सक्त मनाई आहे' अशा वाक्यांत कारण सांगितलेले नसते. आणि ज्याचे कारण ठाऊक नाही तो नियम पर्यवेक्षकांची पाठ वळेपर्यंतच टिकतो. वसतिगृहांतील संगणक कक्षांची देखरेख करण्यात प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून या नियमांमागील कारणे येथे मांडीत आहे.

परळ, लालबाग किंवा गिरगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा राहिले, त्यांना चाळीतील सामायिक नळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाण्याची वेळ ठरलेली, नळ एक आणि बिऱ्हाडे अनेक. अशा वेळी रांगेत कळशी ठेवणारा आणि नळाला रबरी पाइप जोडून आपले पिंप भरून घेणारा, या दोघांनाही पाणी हवेच असते. फरक एवढाच की, दुसऱ्याचे पिंप भरेपर्यंत पहिल्याची पाण्याची वेळ संपलेली असते. वसतिगृहाला मिळणारी इंटरनेटची जोडणी हा असाच एक नळ आहे.

हिशेब करून पाहू. समजा, जोडणीचा वेग शंभर एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. कक्षात चाळीस संगणक एकाच वेळी चालू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मेगाबिट येतात. अर्ज भरणे, लेख वाचणे, पत्र पाठविणे यांस एवढे पुरते. आता एका विद्यार्थ्याने पन्नास गिगाबाइटचा एक खेळ उतरवून घ्यावयास लावला. एका बाइटमध्ये आठ बिट असतात (जाहिरातीत वेग बिटमध्ये सांगतात आणि फाईल मोजतात बाइटमध्ये, म्हणून पुष्कळांचा हिशेब आठ पटींनी चुकतो). तेव्हा हा खेळ झाला चार लाख मेगाबिटचा. सारी जोडणी त्या एकालाच दिली तरी त्याला चार हजार सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटे लागतील. प्रत्यक्षात ती त्या एकालाच मिळत नाही. परंतु असे डाउनलोड एकाच वेळी अनेक धाग्यांनी ओढणारी साधने मिळतात आणि त्यांच्यापुढे साधे पान उघडू पाहणारा नेहमी मागे पडतो.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहिलेला नाही. मुंबई विभागात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो, सामायिक प्रवेश परीक्षांचे अर्जही संकेतस्थळावरच. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना हा कक्ष एक सोय वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो नाही आणि मोबाइलवर दाखल्यांच्या फाईली ठरवून दिलेल्या आकारात बसवून चढविणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. एका वर्षी शिष्यवृत्तीच्या अखेरच्या दिवशी रात्री साडेनऊ वाजता एक मुलगी जातीच्या दाखल्याची प्रत चढविण्याचा प्रयत्न करीत होती. पाच वेळा पान अर्ध्यावर थांबले. वरच्या मजल्यावर दोन यंत्रांवर चित्रपट उतरत होते. ते बंद केल्यावर सहाव्या खेपेस दाखला चढला, तेव्हा मुदत संपण्यास थोडाच अवधी उरला होता. चित्रपट उतरविणाऱ्या मुलांना त्या मुलीची काही कल्पनाही नव्हती. सामायिक साधनाची हीच अडचण आहे. चाळीत रांग डोळ्यांना दिसते, येथे ती दिसत नाही. म्हणून सायंकाळी सात ते दहा या वेळेत मोठ्या फाईली उतरवू नयेत असा नियम करावा लागला, आणि अर्जांच्या अखेरच्या आठवड्यात तो दिवसभर लागू असतो.

असे नियम शाळांनी शोधून काढलेले नाहीत. भारतात इंटरनेट प्रथम शिक्षणसंस्थांतच आले. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या आठ संस्थांत मुंबईतील दोन होत्या. जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. सर्वसामान्य नागरिकांसाठी ही सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तेव्हाच्या निगमचे विदेश संचार भवन आपल्या फोर्टमध्येच आहे. तोवर हे जाळे वापरणारे बहुतेक जण एकमेकांना ओळखत असत, आणि ओळखीवर चालणाऱ्या जागेत दाराला कुलूप लागत नाही.

कुलुपाची गरज अमेरिकेत एका विद्यार्थ्यामुळेच सर्वांच्या ध्यानी आली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाणारा एक प्रोग्रॅम जाळ्यात सोडला. फाईली पुसणे किंवा काही चोरणे असे त्या प्रोग्रॅममध्ये काही नव्हते. पण एकाच यंत्रात तो पुनःपुन्हा शिरू लागला आणि यंत्रे स्वतःच्याच भाराने बसली. त्या काळी जाळ्यात सुमारे साठ हजार यंत्रे होती, त्यांतील सहा हजारांना बाधा झाल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. मॉरिसला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, चारशे तास समाजसेवेची व दहा हजार डॉलरहून अधिक दंडाची शिक्षा झाली. पुढे तो एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक झाला, हेही सांगितले पाहिजे. 'मी फक्त करून पाहत होतो' असे सांगणारा विद्यार्थी समोर उभा राहिला की प्रस्तुत लेखकास हा मॉरिस आठवतो. करून पाहण्याची इच्छा दडपू नये. परंतु त्यासाठी कक्षाच्या कोपऱ्यात जाळ्यापासून तोडलेली दोन जुनी यंत्रे मुद्दाम ठेवलेली आहेत; काय मोडावयाचे ते तेथे मोडावे.

आता ज्या नियमाविषयी सर्वाधिक वाद होतो त्याकडे वळू. आपला पासवर्ड कोणासही देऊ नये, अगदी जिवलग मित्रासही नाही, हा तो नियम. विद्यार्थ्यांना हा नियम अविश्वासाचा वाटतो. एकमेकांचे कपडे, पुस्तके, डब्यातील घास वाटून घेणाऱ्या मुलांना पासवर्ड तेवढा वेगळा का, हे पटत नाही.

पुन्हा चाळीचाच दाखला घेऊ. बाहेरून येणाऱ्या पत्रावर चाळीचा पत्ता एक. खोली क्रमांक कोणता, हे आतल्यांना ठाऊक. आपल्या जाळ्याचेही तसेच असते. आतील प्रत्येक यंत्राला राऊटर स्वतंत्र क्रमांक देतो, पण बाहेरच्या जगाला साऱ्या वसतिगृहाचा आयपी पत्ता एकच दिसतो. येथून कोणी कोणास धमकीचे पत्र पाठविले, तर चौकशी करणारे पोलीस त्या पत्त्यावर, म्हणजे संस्थेच्या दारी येतात. त्या क्षणी 'कोणती खोली' हे सांगणारी गोष्ट एकच उरते. कोणत्या नावाने, कोणत्या यंत्रावर, किती वाजता प्रवेश झाला याची नोंद. तेव्हा खाते म्हणजे सही होय. आपण मित्राला वही देतो, कोऱ्या कागदावर सही करून देत नाही.

पूर्वी एका वसतिगृहात असा प्रसंग घडला. एका विद्यार्थ्याच्या खात्यावरून एका मुलीविषयी अतिशय अश्लाघ्य मजकूर अनेकांना पाठविला गेला. संगणकाची नोंद स्पष्ट होती. नाव त्याचे, यंत्र अकरा क्रमांकाचे, वेळ सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे. मुलगा रडून सांगत होता की तो मी नव्हे. प्रस्तुत लेखकाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मशीन खोटे कशाला बोलेल, असे त्या वेळी वाटले. चार दिवसांनी भोजनगृहाच्या वहीत पाहिले, तर त्या सायंकाळी साडेपाच ते सात तो वाढपाच्या पाळीवर होता आणि स्वयंपाकाच्या मावशींनी त्यास दुजोरा दिला. महिन्यापूर्वी त्याने पासवर्ड खोलीतील तिघांना सांगितला होता. त्या चार दिवसांत त्याचे वडील गावाहून रजा काढून येऊन गेले होते. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्याला सही तेवढी ओळखता येते, हात ओळखता येत नाही. तेव्हापासून प्रस्तुत लेखकाच्या देखरेखीखालील प्रत्येक कक्षात संगणकाच्या नोंदीबरोबर हातांनी लिहिलेली वही असते, आणि केवळ संगणकाच्या नोंदीवरून कोणास दोषी धरले जात नाही.

कायद्यानेही हा विषय गांभीर्याने घेतला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ६६-ग नुसार दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंग्रजी वर्णानुक्रमात ते 'सी' कलम म्हणून ओळखले जाते. कोणाच्या खाजगी अवयवांचे छायाचित्र संमतीवाचून घेणे वा पसरविणे यासाठी 'ई' कलम आहे. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात, म्हणून ती हलकी ठरत नाहीत.

त्याच कलमाच्या 'ए' या पोटकलमाची कथा मात्र दुसऱ्या बाजूची आहे आणि तीही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, दादरच्या शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले त्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरमधील एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या श्रेया सिंघल हिने या कलमास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' अशा शब्दांत कोणाचेही कोणतेही बोलणे बसविता येत होते, हा त्याचा मुख्य दोष. आपल्या जुन्या नियमपत्रकातही 'आक्षेपार्ह मजकूर लिहू नये' असे एक वाक्य होते. आक्षेप कोणाचा, हे त्यात लिहिलेले नव्हते. ते वाक्य आता काढले असून त्या जागी धमकी, जातिवाचक वा लैंगिक अपमान, दुसऱ्याच्या नावाने लिहिणे आणि दुसऱ्याची खाजगी माहिती वा छायाचित्र पसरविणे, अशी नेमकी कृत्ये लिहिली आहेत. भोजनाबद्दल तक्रार लिहिणे त्यात येत नाही.

कक्षातील सर्व पडदे दाराकडे तोंड करून का ठेवले, असेही विचारले जाते. याचे मूळ आपल्याच शहरात आहे. सायबर कॅफेंचे पेव फुटले होते त्या काळी, २००१ साली, एका तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलांना इंटरनेटवरील अश्लील सामग्रीपासून कसे वाचवावे हे सुचविण्यासाठी समिती नेमली. समितीचा अहवाल जानेवारी २००२ मध्ये आला. मुलांना आडोशाच्या खोपट्यात नव्हे तर मोकळ्या सामायिक जागेतील यंत्रावर बसवावे, ओळखपत्र पाहावे, नोंदी ठेवाव्यात, असे तिने सुचविले. संकेतस्थळे सरसकट अडविण्याचा मार्ग मात्र तिने तांत्रिक व कायदेशीर दोन्ही दृष्टींनी अयोग्य मानला. २०११ साली केंद्राने सायबर कॅफेंसाठी केलेल्या नियमांत हाच विचार दिसतो: आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी, मोकळ्या जागेतील पडदे बाहेरच्या बाजूस असावेत, नोंदी किमान एक वर्ष जपाव्यात. शाळेचा कक्ष सायबर कॅफे नाही, तरी व्यवस्था शहाणपणाची आहे. आपल्याकडेही काही संकेतस्थळे गाळणीने अडविली जातात. परंतु तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ती शरीरशास्त्राचा धडा अडविते आणि जुगाराचा नवा खेळ आत सोडते, असा अनुभव आहे. अभ्यासाचे पान अडले तर वहीत लिहावे. ते दुसऱ्या दिवशी मोकळे केले जाते. गाळणी चुकविण्याचे ॲप मात्र बसवू नये, कारण अशी फुकटची ॲप आपली सारी ये-जा एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवितात.

पेनड्राइव्ह आणि फुकट मिळालेले सॉफ्टवेअर यांविषयी थोडक्यात. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे संगणकाचा कोणताही सुटा भाग मिळतो आणि एके काळी पदपथावर हजारोंचे सॉफ्टवेअर शंभर रुपयांच्या सीडीवर मिळत असे. आता सीडी गेली, 'क्रॅक' राहिला. कुलूप फोडून देणाऱ्याने घरात आणखी काय ठेवले हे आपणास कळत नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या नावाने ओळखला गेलेला हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुरू झाला आणि त्याच सुमारास आपल्या बंदरापलीकडील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले, कारण ते चालविणाऱ्या मेर्स्क समूहाची संगणकव्यवस्था जगभर बसली होती. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. त्याहून बोधप्रद भाग पुढे आहे. दुरुस्ती न केलेल्या एका यंत्रात शिरल्यावर तेथे सापडलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही जात असे. म्हणून 'अपडेट नंतर करू' असे बटण दाबून यंत्र बंद करणारा विद्यार्थी शेजारच्या एकोणचाळीस यंत्रांचाही निर्णय करीत असतो.

येथपर्यंत विद्यार्थ्यांसाठीचे नियम झाले. नियमपत्रकांत बहुधा एवढेच असते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. ज्याच्या हाती नोंदी आहेत त्याला कोणता नियम? २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क वसतिगृहाच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवावा लागत नाही. जाळ्याच्या नोंदीत कोणत्या यंत्राने कोणत्या संकेतस्थळाशी किती वाजता संपर्क केला हे दिसते. आजची बहुतेक संकेतस्थळे मजकूर सांकेतिक रूपात पाठवितात, त्यामुळे पत्रात काय लिहिले हे दिसत नाही. परंतु कोणी कोणत्या आजाराविषयी रात्री वाचले, एवढे कळणेही पुरेसे खाजगी आहे. म्हणून नोंदी एकट्या माणसाने उघडू नयेत; लेखी तक्रार असावी, दोन शिक्षक उपस्थित असावेत, ज्याची नोंद पाहिली त्यास सांगावे आणि मुदत संपताच नोंदी पुसाव्यात, असे आता ठरले आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. विद्यार्थ्यांची छायाचित्रे, गुणपत्रके व आधार क्रमांक असलेल्या याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू नयेत, हा नियम शिक्षकांसाठी आहे आणि तो सर्वांत जास्त मोडला जातो.

जुनी यंत्रे दान देताना किंवा भंगारात काढताना हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा विशेष साधनाने पूर्ण पुसावी, हेही त्यातच येते. फाईल 'डिलीट' केल्याने पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पाने जागीच राहतात.

इंटरनेटवरून उचललेला मजकूर स्वतःच्या नावे निबंधात घालण्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो शिक्षकांनी वर्गात हाताळण्याचा विषय आहे. एवढेच सुचवितो की, प्रभादेवीहून चालणाऱ्या मंडळाचा मराठी विश्वकोश आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळांवर मोफत व अधिकृतपणे उपलब्ध असताना चोरीच्या प्रती शोधण्यात वेळ घालवू नये.

शेवटी एक व्यवस्था सांगतो. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याची शक्यता अधिक असते. परंतु मुले कळवीत नाहीत, कारण आधी स्वतःची चूक कबूल करावी लागते. खोट्या दुव्यावर बोट पडले, ओटीपी सांगितला गेला, खाते उघडे ठेवून भोजनास गेलो, अशा चुका त्याच दिवशी सांगणाऱ्यास कोणतीही शिक्षा नाही, असा ठराव गेल्या वर्षी झाला. दाराजवळच्या वहीची मागील पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. आजवर तेथे तेवीस नोंदी झाल्या आहेत. पहिली प्रस्तुत लेखकाची आहे: नवीन विद्यार्थ्यांची, पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांसह असलेली यादी चुकून दुसऱ्याच गटाला पाठविली, सात मिनिटांनी काढून घेतली, तोवर अकरा जणांनी पाहिली होती.